ओळख मागाहून पटते

ईस्टरच्या पहाटे चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. पुढच्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात, आणि तिथं बसणारी मंडळी बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची असतात. परभणी जिल्ह्यात हे चटकन डोळ्यांत भरतं, कारण इथला ख्रिस्ती समाज मुळातच तुरळक. एक मुलगा आला नाही तरी सगळ्यांना कळतं. मग पाळक, फादर, संडे स्कूलच्या बाई अशा सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पुनरुत्थित येशू आपल्यासोबत आहे, असं आपण सांगतो खरं. पण या मुलांना तो रोजच्या जगण्यात जाणवावा कसा?

प्रश्न नवा नाही. मराठी ख्रिस्ती मंडळीने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. त्यांचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: सोबत आधी असते, ओळख मागाहून पटते.

शुभवर्तमानातल्या ईस्टरनंतरच्या कथाही तशाच आहेत. मग्दालीया मरीयेला येशू आधी माळी वाटला. अम्माऊसला निघालेले दोघे त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालले, पण त्याने भाकर मोडेपर्यंत त्यांना तो कोण हे उमगलं नाही. वाटेत त्याने आधी त्यांचं रडगाणं ऐकून घेतलं आणि मगच शास्त्र उलगडलं, हेही विसरून चालणार नाही. तिबिर्याच्या काठावर तर रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांसाठी त्याने कोळशांवर मासळी भाजून ठेवली होती आणि त्यांना न्याहारीला बोलावलं होतं. चालणं, मासेमारी, न्याहारी. मंदिरात घडलेलं यात काहीच नाही.

देव असा कामाच्या जागी भेटतो, हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. जनाबाई गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो, तिच्यासोबत शेण्या वेचतो, ही कथा इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. ख्रिस्ती श्रद्धा आणि वारकरी भक्ती एकच, असं कोणी म्हणणार नाही. पण ख्रिस्ती घरातलं मूलही याच बोलीत वाढतं आणि ही बोली त्याच्या श्रद्धेच्या कामी येऊ शकते, हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखलं होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

टिळकांची स्वतःची गोष्ट अम्माऊसच्या वाटेवर शोभावी अशी आहे. 1893 साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. ओळख ना पाळख. बोलणं कवितेवरून सुरू झालं आणि धर्मावर आलं. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचलं ते दिलेल्या शब्दाखातर. पण डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथंच अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवासाचा अर्थ लागायला मधली दोन वर्षं जावी लागली.

पंडिता रमाबाईंना तर त्याहून अधिक काळ लागला. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी निःसंकोच लिहिलं की ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. आज एखादी मुलगी दृढीकरणानंतर हळूच म्हणते, “मला काहीच वाटत नाही,” तेव्हा तिला दटावण्याआधी मोठ्यांनी रमाबाईंची ही कबुली आठवावी.

याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये जे घडलं, ते मुख्यतः मुलींमध्ये घडलं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या या पोरी महिनोन्‌महिने गटागटाने प्रार्थना करत होत्या. एका रात्री त्यांच्या झोपायच्या खोलीत एक मुलगी प्रार्थनेत अशी पेटून उठली की दुसरीला तिच्या अंगावर ज्वाळाच दिसल्या आणि ती पाण्याची बादली घेऊन धावली, असं तिथल्या वृत्तांतात नोंदलेलं आहे. लोकांच्या लक्षात राहते ती ही रात्र. मला दुसऱ्या दिवसापासूनचा काळ महत्त्वाचा वाटतो. मुक्तीत स्वयंपाकघर होतं, शेत होतं, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी मराठीत आणलेलं बायबल याच आवारात, इथल्याच मुलींच्या हातून छापलं गेलं. रमाबाई 1922 साली गेल्या आणि बायबल पूर्ण होऊन आलं ते 1924 मध्ये. एका रात्रीचा उमाळा टिकला, तो कामाला जुंपल्यामुळे.

मराठवाड्यात, निजामाच्या मुलखात, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, त्यामागेही हीच दृष्टी होती. प्रार्थनेसोबत शेती, कारागिरी आणि शाळा. आजच्या परभणीतल्या पाळकांनी आपला वारसा शोधायचा तर तो फार लांब नाही.

याच काळात संस्थांचीही घडी बसत गेली. ‘ज्ञानोदय’ तर 1842 पासून निघत होताच. मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ आला, 1903 साली जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी कॅथलिकांसाठी ‘निरोप्या’ सुरू केला. बोर्डिंगं निघाली, संडे स्कूल आलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हेकेशन बायबल स्कूल (व्हीबीएस) आली. या सगळ्यांनी पिढ्या वाचायला शिकवल्या, गायला शिकवल्या, हे ऋण मोठं आहे. पण हळूहळू श्रद्धेला वेळापत्रक लागलं. वचनं पाठ झाली, बक्षिसं मिळाली आणि येशू रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत राहू लागला. सोमवारच्या गणिताच्या तासाला तो येतो की नाही, हे कोणी विचारलं नाही.

मुलांच्या सोमवारात काय असतं, ते पाहायला हवं. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान येतो. म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस परभणीच्या भर उन्हात जातात. पारा बेचाळीसच्या वर, टँकरची वाट, लगीनसराई. दहावी-बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली, सीईटी तोंडावर. अलीकडे नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते, म्हणजे ऐन उपासनेच्या दिवशी. त्यातच प्रवेशाचे अर्ज आणि दाखले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, यावरून घरात चाललेली कुजबुज मुलं ऐकत असतात. येशू रोजच्या जगण्यात आहे म्हणायचं, तर तो त्या रकान्यापाशीही असला पाहिजे. यावर चर्चमध्ये उघडपणे बोललं गेलं नाही, तर मुलं समजतात की या गोष्टी देवासमोर काढायच्याच नसतात.

12 एप्रिल 2020 च्या ईस्टरने वेळापत्रकच मोडून टाकलं. टाळेबंदीत चर्चला कुलूप, उपासना मोबाईलवर. त्या वेळी कितीतरी घरांत आईने किंवा वडिलांनी पहिल्यांदाच मोठ्याने प्रार्थना केली आणि पोरांनी ती ऐकली. प्रार्थनेत उसनवारीचं बिल होतं, आजारी आजी होती, पुण्याहून चालत निघालेला चुलता होता. व्याकरण चुकत होतं, पण रविवार आणि सोमवार यांमधली भिंत पडली होती. चर्च उघडल्यावर आपण ती भिंत पुन्हा उभी केली, ही चूक झाली.

या साऱ्या वाटचालीतून परभणीच्या तरुण संघाला घेण्यासारखं काय आहे? पहिलं म्हणजे जाणीव मागितल्याने मिळत नाही, आणि ती नाही म्हणून कुणाला अपराधी वाटायला लावू नये. शिष्यांपैकी थोमाला आठ दिवस लागले, रमाबाईंना आठेक वर्षं. दुसरं, मुलांच्या हाताला खरं काम द्यावं: धाकट्यांचा अभ्यास घेणं, दवाखान्यात कुणासोबत बसणं, पाणपोई चालवणं. तिसरं, मागे वळून पाहायची सवय लावावी. इग्नाशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत आजही चालते. रात्री झोपण्याआधी दिवस एकदा डोळ्यांसमोरून न्यायचा. आज कुणी मदतीला आलं? कुणाशी मी तोडून बोललो? कुठं जिवाला बरं वाटलं? कशाची भीती वाटली? उत्तरं प्रभूला सांगायची आणि हवी तर वहीत लिहायची. दहा मिनिटंही लागत नाहीत आणि त्यासाठी व्यासपीठ, बॅनर, पाहुणे वक्ते यांतलं काहीच लागत नाही.

लागतो तो एक मोठा माणूस, मुलाचं म्हणणं आधी ऐकून घेणारा. दर मुलामागे असा एक जण मंडळीतून निघाला पाहिजे. आपल्याकडे मुलं मोजकीच आहेत. मोठ्या शहरातल्या चर्चला जे जमणार नाही, ते परभणीला सहज जमेल.