किलोला ११५ रुपये

जालना जिल्ह्यात कापूस काही कमी पिकत नाही. तरी इथल्या बाजारात टांगलेल्या लेगिंग्ज, ट्रॅकपँट आणि टी-शर्ट हाताने चाचपून पाहिले, तर त्यांतलं बरंचसं कापड पोलिएस्टरचं निघतं. ते सुरतेचं असू शकतं, लुधियानाचं असू शकतं, नाहीतर चीनमध्ये विणून न्हावाशेवा बंदरात उतरलेलं. परदेशातून आलेल्या अशा कापडाच्या कागदपत्रांत आठ आकडी क्रमांक असतो, आणि २०२४पासून आयातदार, गिरणीवाले आणि सरकार यांच्यातली खेचाखेच या क्रमांकावरूनच चालली आहे.

मालाला असे क्रमांक देण्याची ही पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १९८८पासूनची. पहिले सहा आकडे जवळपास जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे. त्यातलं ६०वं प्रकरण निट कापडाचं, म्हणजे फंद्यात फंदा अडकवून विणलेल्या कापडाचं. मागावर ताण्याबाण्याने विणलेलं कापड इथं बसत नाही. शिवलेले निट कपडे ६१व्या प्रकरणात जातात.

कस्टमच्या साहेबाच्या टेबलावर नमुना आला की प्रश्न सुरू होतात. कापडाला मखमलीसारखी लव आहे का? असेल तर ६००१. रुंदी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे आणि वजनात ५ टक्के किंवा त्याहून अधिक स्पॅन्डेक्ससारखा ताणला जाणारा धागा आहे? मग ६००४. यातलं काहीच नसेल, तर पाहायची वीण. घरी सुयांवर विणलेल्या स्वेटरचं टोक ओढलं की ओळीमागून ओळ उसवत जाते. ही आडवी वीण, तिचं कापड ६००६मध्ये. उभ्या विणीत प्रत्येक सुईचा धागा वेगळा आणि तो नागमोडी वर चढतो, त्यामुळे कापड असं सरसर उसवत नाही. मच्छरदाणीची जाळी बहुधा याच विणीची असते. ती ६००५मध्ये. पुढे तंतू कोणता आणि रंग कसा दिला, यावर शेवटचे आकडे ठरतात: रंगवलेलं सिंथेटिक ६००६३२, छापील ६००६३४.

मिश्र कापडात वजनाने जे जास्त, त्याचं नाव लागतं. कापूस आणि पोलिएस्टर अगदी निम्मे-निम्मे असतील तर? नियम सांगतो, यादीत जे शेवटी येतं ते धरा. म्हणजे पोलिएस्टर. सुती म्हणून मिरवणारं टी-शर्टचं कापड कस्टमच्या दप्तरी असं सिंथेटिक होतं.

धागा जाळून पाहण्याची युक्ती दुकानदारांनाही ठाऊक असते. कापूस जळून राख होतो, पोलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. शुल्काच्या वादात एवढ्यावर भागत नाही. प्रयोगशाळेत तुकडा ७५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात घालतात. कापूस विरघळतो, पोलिएस्टर उरतं, आणि ते वजन करून टक्केवारी निघते.

एवढा खटाटोप पैशासाठी. स्वस्त कापडाने देशी विणकरांचं कंबरडं मोडतंय अशी ओरड झाली, तेव्हा १६ मार्च २०२४ला केंद्राने पाच क्रमांकांच्या सिंथेटिक निट कापडावर किलोला साडेतीन डॉलरची किमान आयात किंमत लावली. त्यावर गिरणीवाल्यांची तक्रार आली, की माल आता शेजारच्या क्रमांकांनी येऊ लागलाय. सप्टेंबरमध्ये यादीत आणखी आठ क्रमांक घातले गेले.

१ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात दुसरा उपाय आला. नऊ क्रमांकांवर २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांपैकी जे जास्त ते मूळ शुल्क. याचा हिशेब गमतीचा आहे. यांतलं ५७५ रुपये किलोच्या आतलं कुठलंही कापड आता किलोला ११५ रुपयेच भरणार. २०० रुपये किलो दाखवलेल्या मालावर २० टक्क्यांनी ४० रुपये झाले असते. किंमत कमी दाखवण्यातला फायदा त्यामुळे बराच आटला. मात्र हे नऊही क्रमांक ६००४ आणि ६००६मधले आहेत. ६००५ त्यांत नाही. वीण उभी की आडवी, हा प्रश्न त्यामुळे विणकामाचा राहिला नाही, पैशाचा झाला.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन-जाफराबादच्या शेतकऱ्याच्या कापसालाही क्रमांक आहे, ५२०१. कापसाच्या आयातीवर २०२१मध्ये एकूण ११ टक्के शुल्क लागलं होतं. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं, तेव्हा कापडउद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५पासून ते माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. मराठवाड्यात कापसाची वेचणी नेमकी यांतल्या शेवटच्या महिन्यांत भरात असते. निट कापडावर शुल्क वाढवा आणि कापसावरचं काढा, या दोन्ही मागण्या कापडउद्योगाकडून आल्या होत्या आणि दोन्ही मान्य झाल्या. पोलिएस्टरवाल्या आयातदाराला ६००६ अडचणीचा झाला तर ६००५ची पळवाट शोधता येते. वेचून, सरकी काढून गाठी बांधलेला कापूस ५२०१मध्येच राहतो.