ग्रामनिधी

ग्रामनिधी म्हणजे महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीकडे कर, फी, अनुदाने इत्यादी मार्गांनी जमा होणारा व गावाच्या सोयीसुविधांसाठी खर्च होणारा निधी होय. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५७ मध्ये या निधीची तरतूद आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद २४३-ज नुसार पंचायतींना कर बसविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याद्वारे देते. त्यामुळे कोणते कर बसवावेत, हे ग्रामपंचायत स्वेच्छेने ठरवू शकत नाही.

उत्पन्नाची साधने

कलम १२४ मध्ये करांची व फीची यादी दिलेली आहे. इमारती व शेतसारा लागू नसलेल्या जमिनी यांवरील कर (घरपट्टी), पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, यात्रा कर, आठवडे बाजाराची फी आणि गायरानातील चराईची फी ही त्यांतील प्रमुख साधने होत. कलम १२५ अन्वये कारखान्यांकडून करांऐवजी ठोक रक्कम घेता येते. शेतजमीन घरपट्टीच्या कक्षेबाहेर असल्याने, केवळ शेतीवर अवलंबून असलेल्या गावाचे स्वतःचे उत्पन्न बेताचेच राहते. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांना मात्र ते तुलनेने अधिक मिळते.

आकारणी व वसुली

पूर्वी घरपट्टी क्षेत्रफळावर आकारली जात असे. २०१५ च्या अखेरीस नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर आकारली जाते. जमिनीचा व बांधकामाचा दर, इमारतीचे वय आणि वापर यांवरून हे मूल्य ठरते. कराची नोंद ‘नमुना ८’ या नोंदवहीत होते. थकबाकीदारास मागणीची नोटीस दिली जाते व त्यानंतर जप्तीची कारवाई करता येते. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ नुसार अपात्र ठरू शकतो.

प्रत्यक्षात कर मागणारे व देणारे एकाच गावचे, बहुधा परस्परांच्या नात्यातले असल्यामुळे सक्तीची वसुली अवघड जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने नियमित कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळण देण्याची योजना राबवली. कराच्या मोबदल्यात दिसणारी सुविधा मिळाल्यास वसुली सुलभ होते, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख केला जातो.

अनुदाने व विनियोग

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी शिफारस केलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पेयजल व स्वच्छता यांसाठी बंधित आहे. उरलेली ४० टक्के रक्कम अबंधित असली, तरी तिच्यातून वेतन वा आस्थापना खर्च करता येत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. पथदिव्यांचे वीजबिल, नळयोजनेची देखभाल, कर्मचाऱ्यांच्या वेतनातील ग्रामपंचायतीचा हिस्सा यांसारखे नित्याचे खर्च मुख्यतः याच उत्पन्नातून भागवावे लागतात. म्हणूनच अनुदानातून उभी राहिलेली पाण्याची टाकी पुढे चालू राहणे, हे बऱ्याच अंशी पाणीपट्टीच्या वसुलीवर अवलंबून असते.