वीर स्थानकावरून इंग्रजी शब्दसंपत्तीकडे

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखाला आगगाडी जवळची झाली. या वीर स्थानकावरील बाकावर मध्यंतरी बारावीचा एक विद्यार्थी वही उघडून बसलेला दिसला. वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द व उजव्या बाजूला मराठी अर्थ, असे काही शेकडा शब्द एकाखाली एक उतरवलेले होते. ‘कॉन्ट्राडिक्ट म्हणजे खंडन करणे’ हे त्याने अचूक सांगितले. ‘प्रेडिक्ट’ मात्र दोन पाने पुढे होता आणि तेथवर तो अद्याप पोहोचला नव्हता. या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते असेल, अशी शंकाही त्याला शिवली नव्हती. दोष त्या मुलाचा नव्हे. शब्द म्हणजे पाठ करावयाची यादी, असेच आपण मुलांना शिकवत आलो आहोत.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरीही अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावर मुले अडखळतात. वीरपासून जवळच लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीकडे वळलेला विद्यार्थी तेथील जाड पुस्तक उघडतो, तेव्हा त्याला अडवतात ते तांत्रिक शब्द नव्हेत. ‘ट्रान्झिस्टर’चा अर्थ त्याला प्राध्यापक समजावून सांगतातच. अडवतात ते ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘सफिशियंट’, ‘सिग्निफिकंट’ असे शब्द, जे ‘येत असतील’ असे गृहीत धरून कोणी समजावून सांगत नाही.

या शब्दांची मोजदाद झालेली आहे. ढाक्याला बंगाली विद्यार्थ्यांना शिकवलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. त्यापुढची पायरी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली आखली. त्यांनी सर्व विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे निवडली. अभ्यासाच्या पुस्तकातील साधारण दर दहावा शब्द या कुटुंबांतील असतो. आठवड्याला दहा कुटुंबे या गतीने सव्वा वर्षाच्या आत ही सूची पुरी होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे त्याला पुरेशी आहेत.

येथे ‘कुटुंब’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवताना आम्हांस त्याची जी प्रचिती आली, ती आमच्या मुलांना लॅटिन न शिकताही येऊ शकेल. लॅटिनमध्ये ‘दिक्’ या मुळाचा अर्थ सांगणे. आधी सांगणे ते ‘प्रेडिक्ट’, विरुद्ध सांगणे ते ‘कॉन्ट्राडिक्ट’, न्यायालयाने सत्य म्हणून सांगितलेले ते ‘व्हर्डिक्ट’, आणि ज्याच्याविषयी चांगले बोलले गेले, ज्याला आशीर्वाद लाभला, तो ‘बेनेडिक्ट’. आता संस्कृत ‘दिश्’ धातू पाहा. अर्थ दाखवणे. त्यापासून आदेश, उपदेश, निर्देश, संदेश. ‘दिक्’ आणि ‘दिश्’ ही एकाच प्राचीन मुळाची दोन रूपे आहेत, आणि मागे उपसर्ग जोडून नवा शब्द घडवण्याची रीतही दोन्हीकडे एकच आहे. ती रीत मराठी मुलाला आधीच अवगत असते. इंग्रजीच्या तासाला तिची आठवण त्याला कोणी करून देत नाही, इतकेच.

ज्या स्थानकावर तो मुलगा बसला होता, त्याच्या नावातच दोन धडे दडलेले आहेत. ‘स्थानक’ आणि ‘स्टेशन’ यांचे मूळ एकच, उभे राहणे. संस्कृत ‘स्था’पासून स्थान, संस्था, अवस्था, व्यवस्था, लॅटिनमधील त्याच्या भावंडापासून ‘स्टेट’, ‘स्टेटस’, ‘डिस्टन्स’, ‘सब्स्टन्स’. ‘सर्कमस्टन्स’ हा शब्द मुलांना अवघड वाटतो. पण ‘सर्कम’ म्हणजे भोवती आणि ‘स्टन्स’ म्हणजे उभे असणे. आपल्या ‘परिस्थिती’ची घडण अक्षरशः हीच आहे. आणि ‘वीर’? गावाला हे नाव कशावरून मिळाले ते बाजूस ठेवू. पण संस्कृत ‘वीर’ आणि लॅटिनमध्ये पुरुष या अर्थी येणारा ‘वीर’ हे सख्खे भाऊ आहेत. त्या लॅटिन शब्दापासून पौरुष, पुढे सद्‍गुण, या अर्थाचा ‘व्हर्च्यू’ इंग्रजीत आला.

आपण दर रविवारी उच्चारतो तो ‘मिस्सा’ शब्दही याच रांगेतला. लॅटिन मिस्सेच्या अखेरीस लोकांना निरोप देताना तो येई. मूळ अर्थ पाठवणे. ‘मिशन’, ‘कमिशन’, ‘मिसाइल’ ही त्याच घरची मंडळी. अर्ज ‘सबमिट’ करणे, रुग्णाला ‘अ‍ॅडमिट’ करणे, रिक्षाचे ‘परमिट’ हे तर आपल्या तोंडी रोज असतात. म्हणजे शब्द घरात आहेत. ओळख करून द्यावयाची राहिली आहे.

हे नाते प्रथम ज्यांच्या ध्यानी आले त्यांत आपलेच एक धर्मगुरू होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. भारतीय भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असे त्यांनी १५८३ साली आपल्या भावाला पत्रातून कळवले. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला तो १७८६ साली, दोनशे वर्षांनंतर. फादर स्टीफन्स यांनी पुढे १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले. परक्या भाषेचा अभ्यास इतक्या उंचीवर गेल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

संधीचे नियमही येथे कामी येतात. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, तसेच ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून ‘इलीगल’. त्याच न्यायाने ‘इम्पॉसिबल’ व ‘इरेग्युलर’.

मात्र मुळांवर आंधळा विश्वास ठेवू नये. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि मुंबई-गोवा महामार्गावरील टँकरांवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी अक्षरे आपण पाहतो. ‘इन’ म्हणजे नकार, एवढेच पाठ केलेला मुलगा त्याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा करील! येथील ‘इन’ नकाराचा नाही, ‘आत’ या अर्थाचा आहे. शब्दाचा अर्थ ज्वलनशील. हाच घोटाळा जिवावर बेतू नये म्हणून धोक्याच्या फलकांवर अलीकडे ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द वापरतात. ज्या मुलांना उद्या अशाच कारखान्यांत काम करावयाचे आहे, त्यांच्यासाठी हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. म्हणून मुळावरून अंदाज करावा आणि मग शब्दकोश उघडून तो पडताळावा. लॅटिनमधील दिवस ‘दिएस’ आणि इंग्रजी ‘डे’ दिसायला जुळे वाटतात, पण त्यांचे काहीच नाते नाही.

दुसरी अडचण शब्दांच्या सोबतीची. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून मुले इंग्रजीतही ‘गिव्ह’ लिहितात. इंग्रज मात्र परीक्षा ‘टेक’ करतो. परीक्षेतील ‘कॉपी’ला तिकडे ‘चीटिंग’ म्हणतात. अशी सोबत द्विभाषिक यादीत सापडत नाही. ती विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात उदाहरणवाक्यांसह मिळते. या प्रकारच्या कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना घातला. त्यांचा कोश प्रथम १९४२ साली जपानमध्येच निघाला.

उजळणीविषयी फार लिहावयास नको. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते ते हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवून दिले. शब्द आज पाहावा, उद्या पाहावा, मग आठवड्याने व महिन्याने. मात्र उजवी बाजू झाकून, अर्थ आधी स्वतः आठवून.

त्या मुलाने गाडी येण्यापूर्वी वहीचे नवे पान उघडले, मध्यभागी ‘डिक्ट’ लिहिले आणि भोवती फांद्या काढल्या. ‘डिक्शनरी’ व ‘डिक्टेशन’ त्याला स्वतःच आठवले. ‘अ‍ॅडिक्ट’ही यात येतो का, असे त्याने विचारले. येतो, पण तो अर्थ तेथवर कसा पोहोचला, हे सांगण्याआधीच गाडी फलाटाला लागली.