प्रमाणपत्रांची थप्पी आणि रिकामे हात

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्या बल्लारपूरच्या कार्यालयात आले. ते स्वतः कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मुलगा अभियांत्रिकीचा पदवीधर. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी फाईल काढली आणि टेबलावर एकेक प्रमाणपत्र मांडले. जावाची दोन दिवसांची कार्यशाळा, पायथॉनची तीन दिवसांची, वेबसाईट तयार करण्याची एक दिवसाची. अशी एकूण सात प्रमाणपत्रे. सोनेरी किनार, गोल शिक्का, दोन-दोन सह्या. "वकील साहेब, एवढे कागदं आहेत पोराजवळ. पन काम कोनी देऊन नाही राहिलं. मंग हे कागदं कायच्या कामाचे?" असे त्यांनी विचारले.

आम्ही मुलाकडे वळलो. म्हटले, यातले तू स्वतः काय बनवले आहेस? तो खाली बघत म्हणाला, "सर, तिथे पडद्यावर दाखवत होते. आम्ही बघत होतो."

आमचे बल्लारपूर हे कागदाचे गाव. १९४५ साली इथल्या कागद कंपनीची स्थापना झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू इथे येऊन त्याचा लगदा होऊ लागला. कागद कसा होतो हे इथल्या कामगाराला सांगावे लागत नाही. त्याच गावातल्या कामगारांच्या मुलांच्या हाती आज कागदाची थप्पी जमते आहे आणि हात मात्र रिकामे आहेत. म्हणून संगणक प्रशिक्षणाच्या या कार्यशाळांबद्दल चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

ते गृहस्थ आमच्याकडे आले होते ते आठव्या कागदासाठी. पुण्यातल्या एका खासगी प्रशिक्षण वर्गाने 'शंभर टक्के नोकरीची हमी' देऊन मुलाला घेतले. बापाच्या फंडातले पैसे फी म्हणून भरले गेले. मुलाकडून बाँड लिहून घेतला आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. नोकरी मिळाली नाही आणि गुणपत्रिका परत मागितल्या तेव्हा बाँडची रक्कम भरा असे उत्तर मिळाले. अशी प्रकरणे आमच्याकडे वर्षातून दोन-तीन तरी येतात. म्हणून कायद्याचे दोन मुद्दे इथेच सांगून टाकतो. बाँड हा शब्द ऐकून घाबरू नका. सगळेच बाँड बेकायदा असतात असे नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली एका बँकेच्या प्रकरणात वैध धरली आहे. परंतु भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम जशीच्या तशी मागता येत नाही, वाजवी भरपाईच मागता येते. आणि मुलाच्या गुणपत्रिका म्हणजे सावकाराकडे ठेवलेले गहाण नव्हे. त्या लेखी मागा, पोच घ्या, नाही दिल्या तर नोटीस द्या. पालकांनी सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवला तर अर्धी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

आता मूळ विषयाकडे वळू. या कार्यशाळांत 'फ्रेमवर्क' नावाची जी गोष्ट शिकवतात ती काय आहे? आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. वकिलाकडे दाव्याच्या मसुद्याचा एक साचा असतो. न्यायालयाचे नाव, वादी-प्रतिवादी, दाव्याचे कारण, अधिकारक्षेत्र, शेवटी विनंती. दर वेळी कोणी हे नव्याने शोधून काढत नाही. संगणकाच्या कामातही तेच आहे. कोणतेही संकेतस्थळ घ्या, माणसाची ओळख पटवणे, माहिती साठवणे, भरलेला अर्ज तपासणे ही कामे सगळीकडे सारखीच. ती तयार करून ठेवलेली चौकट म्हणजे फ्रेमवर्क. पायथॉन भाषेसाठी २००५ साली जँगो आले, पीएचपीसाठी २०११ साली लारावेल आले, पडद्यावरच्या भागासाठी फेसबुकने २०१३ साली रिअॅक्ट खुले केले. सोबत गिट नावाचे हत्यार असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. न्यायालयात जसा रोजनामा असतो, तसे कोणी, कधी, कोणता बदल केला याची नोंद ते ठेवते.

साचा हाती आला म्हणून कनिष्ठ वकील खटला लढवू शकतो का? नाही. त्याला आधी दिवाणी प्रक्रिया कळावी लागते, मग साचा उपयोगी पडतो. फ्रेमवर्कचेही तसेच. आधी भाषा पक्की, माहितीचा साठा कसा रचायचा ते पक्के, मग चौकट. आमच्या मुलांना पाया न घालता थेट चौकट दाखवली जाते, म्हणून ती हातात टिकत नाही.

कार्यशाळांना आमचा विरोध मुळीच नाही. त्या हव्यातच. या क्षेत्रात हत्यारे फार लवकर बदलतात. गूगलने २०१० साली अँग्युलरजेएस आणले, २०१६ साली तेच नव्याने लिहिले, आणि २०२१ अखेर जुन्याला आधार देणेच थांबवले. विद्यापीठाचा अभ्यासक्रम इतक्या वेगाने बदलत नाही. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ सालापासून आहे, आमच्या बामणीला खासगी महाविद्यालय आहे, २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. या संस्थांमुळे पदवी घराजवळ आली, ही मोठी गोष्ट आहे. पण पदवी आणि कामाची जागा यांच्यात जे अंतर आहे ते कार्यशाळेनेच भरून निघते. प्रश्न आहे तो कार्यशाळा कशी होते याचा.

आम्ही पाहिलेल्या कार्यशाळांचा क्रम ठरलेला. सकाळी पाहुण्यांची वाट पाहणे, मग शाल-श्रीफळ, मग भाषणे. दुपारी सॉफ्टवेअर संगणकात भरण्याची खटपट. नेट मंद, अर्धे संगणक जुने. तेवढ्यात चहा येतो. संध्याकाळी शिकवणारा पडद्यावर भरभर काहीतरी करून दाखवतो आणि प्रमाणपत्र वाटून फोटो निघतो. या दिवसभरात मुलाचे बोट कळफलकाला किती वेळ लागले? पोहणे काठावर उभे राहून शिकता येत नाही.

याउलट चांगले काय असते त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीतून. दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर शिकवणारा जे करतो तेच शिकणाऱ्याने शेजारी आपल्या संगणकावर करायचे, अडले तर पाठ मागे नेऊन पुन्हा पाहायचा. जावा, पायथॉन, पीएचपी, लिनक्स, सगळे मोफत. अनेक पाठ मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसले तरी चालतात. त्याच संस्थेतील प्रा. दीपक फाटक यांनी देशभरच्या महाविद्यालयांत केंद्रे जोडून हजारो प्राध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण दिले. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीचा डोंगर चढण्याआधी मराठीतून जावाची ओळख होते, याचे मोल इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना कळणार नाही. तरीही आमच्या भागातील किती मुलांना हे पाठ ठाऊक आहेत? आम्ही मुलांच्या बैठकीत विचारतो तेव्हा हात फार थोडे वर येतात.

अशी सोय असूनही आमची मुले बल्लारशाहच्या फलाटावरून दक्षिणेची गाडी पकडून हैदराबादला जातात. पुण्यापेक्षा ते जवळ पडते. तिथे अमीरपेठ नावाचा भाग आहे. मैत्रीवनम इमारतीच्या परिसरात भिंतीभिंतीवर सॉफ्टवेअर शिकवण्याच्या पाट्या आणि एकेका खोलीत गर्दी. या बाजारपेठेला भांडवल कोठून आले? शियांग बियाओ या चिनी मानववंशशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ते मांडले आहे. किनारी आंध्रातील जमीनवाल्या कुटुंबांनी शेतीचे जादा उत्पन्न मुलांच्या संगणक शिक्षणात घातले, त्यात हुंड्याचाही पैसा आला. म्हणजे ज्याला आपण निव्वळ 'गुणवत्ता' समजतो तिच्या मुळाशी जमीन आहे. ज्यांच्या सातबाऱ्यावर कधी नावच नव्हते त्यांनी काय गुंतवायचे? बापाचा फंड. तो एकदाच मिळतो आणि चुकीच्या वर्गात गेला की संपतो.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात त्यांनी बजावले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या वर्गाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाने होईल. त्यासाठी देशातील शिक्षणाला दरवर्षी २ लाख आणि परदेशी शिक्षणाला १ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या त्यांनी मागितल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्या, ही मागणीही त्यात होती. जिथे यंत्र चालते तिथे जाऊन हात चालवायला मिळाले पाहिजेत, हा त्याचा अर्थ. आम्ही स्वतः कायद्याचे पदवीधर. हे वाचताना थोडे अंतर्मुख व्हावे लागते. बाबासाहेबांचा काळा कोट आम्ही पिढ्यानपिढ्या घातला, त्यांचे तंत्रज्ञानाचे निवेदन मात्र कपाटातच राहिले.

१९४२ चा छापखाना आणि रेल्वे कारखाना म्हणजे आजचे सॉफ्टवेअर. फरक एवढाच की त्या यंत्राला कुलूप होते, आजची हत्यारे उघडी पडली आहेत. पायथॉन, जँगो, लारावेल, रिअॅक्ट, गिट, कशालाही पैसे लागत नाहीत. ज्ञानाचे दार बंद आहे असे आता कोणी म्हणू शकत नाही. पण दारापर्यंतची वाट बंद आहे. चालणारा संगणक नाही, सहा महिने कमाईविना शिकण्याची मुभा नाही, अडल्यावर विचारायला घरात कोणी नाही. सरकारने २००१ साली एमएससीआयटी आणली, आमच्या हजारो मुलामुलींनी ती केली. त्यातून संगणक वापरणारे झाले, संगणकाकडून नवे काम करवून घेणारे फार थोडे झाले.

आणि आता वेळही थोडा आहे. २०२२ च्या अखेरीनंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची हत्यारे सांगितले तसे प्रोग्राम लिहून देऊ लागली. नवख्या मुलाला सरावासाठी जे साधे काम मिळायचे ते यंत्राकडे जाते आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ज्याला कळेल तोच टिकेल. दोन दिवसांच्या प्रमाणपत्राची किंमत यापुढे आणखी घसरणार.

कौशल्य आले की जात गेली, असाही भ्रम नको. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, ओळखीवर बोलावणे येते. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध एका दलित अभियंत्याशी भेदभाव झाल्याचा दावा दाखल केला. त्यातील दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा दावा २०२३ साली मागे घेण्यात आला, परंतु सातासमुद्रापार जातीचा प्रश्न न्यायालयात उभा राहिला तो राहिलाच. त्या अभियंत्याला निदान भांडण्याएवढी जागा तरी मिळाली होती. आमची मुले अजून फाटकाबाहेर आहेत.

मग करायचे काय? पहिले, हिशेब मागायचा. अनुसूचित जाती उपयोजनेतून कौशल्य प्रशिक्षणावर आपल्या जिल्ह्यात किती खर्च झाला, किती मुले बसली, किती शेवटपर्यंत टिकली आणि किती कामाला लागली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एका अर्जात विचारता येते. किती प्रमाणपत्रे वाटली, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. दुसरे, घरचा हिशेब. जयंतीला मंडप, डीजे आणि कमानी यांवर प्रत्येक वस्तीत जो खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्श्यात चार जुने संगणक येतात. लिनक्स घातले की तेच संगणक व्यवस्थित चालतात. संध्याकाळी विहाराची खोली रिकामीच असते. पुण्या-हैदराबादेत नोकरी करणारी आपली मुले सुटीत गावी येतात, त्यांचा सत्कार करण्याऐवजी त्यांना चार तास शिकवायला बसवा. कार्यशाळा दोन दिवसांची नको, तीन महिन्यांची हवी. आणि शेवटी प्रत्येकाने काहीतरी बनवून, दहा माणसांसमोर चालवून दाखवले पाहिजे.

त्या मुलाच्या गुणपत्रिका आमच्या नोटिशीनंतर परत आल्या. फी आली नाही, त्यासाठी ग्राहक आयोगात जावे लागणार. दरम्यान आम्ही त्याला कार्यालयातला जुना संगणक दिला आणि आमच्या खटल्यांच्या तारखांची नोंद करणारा प्रोग्राम बनव म्हटले. मराठी पाठ पाहत, चुकत, पुसत त्याने तो अडीच महिन्यांत उभा केला. पहिल्या आठवड्यात त्याने आमची एक तारीख चुकीची दाखवली आणि न्यायालयात आमची पंचाईत झाली. त्याने रात्रभर बसून चूक शोधली. आता तो बरोबर चालतो. याचे त्याला कोणी प्रमाणपत्र दिलेले नाही. पण परवा एका ठिकाणी मुलाखतीला गेला तेव्हा त्याने सात कागदांची फाईल घरीच ठेवली आणि हा प्रोग्राम दाखवला. त्याला दुसऱ्या फेरीसाठी बोलावले आहे.

अशी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत बसली आहेत. त्यांना शाबासकी पुष्कळ मिळाली, आता त्यांच्यासाठी विहाराची एक खोली उघडा.