चेहरा ‘टाइट’ करणारं हायफू : पैसे भरण्याआधी एवढं वाचा

लग्नसराई आली की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात : ना सुई, ना टाके, एका सिटिंगमध्ये दहा वर्षं तरुण! आपल्या घरातल्या अम्मी, खाला, फुफ्पी विचारतात, ‘सोनोग्राफीच ना ती? मग त्रास कसला?’

इथेच गफलत होते. सोनोग्राफीतल्या लहरी फक्त चित्र दाखवतात. हायफूत त्याच जातीच्या लहरी एका बिंदूवर एकवटतात, जसं भिंगाने ऊन एकवटून कागद जाळतो. कातडीच्या दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खाली ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णता होते. तिथलं कोलाजेन आकसतं आणि शरीर नवं बनवू लागतं. म्हणून फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. ‘लगेच रिझल्ट’ म्हणणाऱ्याला आम्ही तरी पैसे देणार नाही.

या पद्धतीच्या अल्थेरा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २००९ साली भुवया उचलण्यासाठी मंजुरी दिली, पुढे मान व हनुवटीखालच्या भागासाठीही. म्हणजे उपचार बोगस नाही. पण फायदा माफक असतो, तोही थोडीफार सैल झालेल्या कातडीवर. फार लोंबलेल्या कातडीला ऑपरेशनची बरोबरी हे यंत्र करत नाही, आणि असर कायमचा टिकत नाही.

त्रास? लाली, सूज, दुखणं, मुंग्या. बहुतेक काही दिवसांत जातं. चुकीच्या खोलीवर किंवा नसेजवळ मारा झाला तर मात्र भाजतं, ओठ किंवा भुवई काही काळ वाकडी होऊ शकते, गालातली चरबी जाऊन चेहरा खप्पड दिसतो. ध्वनिलहरी रंगद्रव्यावर काम करत नाहीत, म्हणून आपल्या सावळ्या कातडीला काही लेझरपेक्षा धोका कमी. तरी भाजलं तर काळा डाग राहतोच. गरोदर बाई, उघडी जखम, पिकलेले मोठे फोड, पेसमेकर असेल तर थांबावं.

यंत्र कोणत्या कंपनीचं, चालवणार कोण, हे बिनधास्त विचारा. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेत आहे का, तेही बघा. पार्लरवाली ताई मेहंदी कितीही सुंदर काढो, हे काम तिचं नाही. वर्धेकरांना तर सल्ल्यासाठी नागपूर गाठायचीही गरज नाही : सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. उपचार कुठेही घ्या, आधी तिथे एकदा कातडी दाखवून या. महिला डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगा.