पीककर्जाचा आकडा कुठून येतो?

पीककर्ज किती मिळणार, हे ना सोसायटीचा गटसचिव ठरवतो ना बँकेचा साहेब. दर हंगामाआधी जिल्हा पातळीवरची समिती प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर ठरवते. समजा सोयाबीनचा दर ६०,००० रुपये आहे आणि सातबारावर एक हेक्टर आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमानुसार यात घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के आणि अवजारे, बैल-बारदान यांच्या देखभालीसाठी २० टक्के मिळवायचे. मर्यादा झाली ७८,००० रुपये, शिवाय विम्याचा हप्ता. हा हिशोब प्रत्येकाने बँकेत जाण्याआधी घरीच कागदावर मांडावा.

तीन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के. वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीने ४. महाराष्ट्रात पंजाबराव देशमुख योजनेमुळे तेही शून्यावर येते. अट एकच, मुदत चुकता कामा नये. खरी ओढाताण इथेच होते. मार्चअखेर हातात पैसा नसतो, मग चार दिवसांसाठी सावकाराकडून उचल घेऊन खाते ‘नवं-जुनं’ केले जाते, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलले जाते. बिनव्याजी कर्जावर असे व्याज चढते.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही? खंडाने किंवा बटाईने कसणाऱ्याला बँका सहसा दारात उभे करत नाहीत. त्याच्यासाठी संयुक्त देयता गटाची सोय आहे: चार ते दहा जण एकमेकांना जामीन राहतात आणि जमीन तारण लागत नाही. शाखेत स्वतःहून हे कुणी सांगत नाही, विचारावे लागते.