अर्धं तिकीट, मूर्तिजापूर ते अकोला

सकाळी 6.40
मूर्तिजापूरचं बसस्टँड. गावाहून इथवर ऑटोचे वीस रुपये गेले. पुढे एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून या पोरीचं अकोल्याला जाणं-येणं एका पूर्ण तिकिटात भागतं. बापानं हा हिशेब केला, मगच हो म्हटलं. बारावी सायन्स झाली. नर्सिंगची फी झेपणारी नव्हती, इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स काही महिन्यांचा आहे.

जून 2022 मध्ये अमरावती-अकोल्याच्या याच रस्त्यावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पडलं आणि गिनीजमध्ये नाव लागलं. गाड्या आता सुसाट जातात. तिच्या वर्गाला त्यातून काम मिळतं, हे कोणी बोलून दाखवत नाही.

8.30
अकोला. कोर्सच्या अंगणात सरावाची जुनी अ‍ॅम्ब्युलन्स उभी. आधी फडकं, मग तपासणी. सक्शन चालू करून बघायचं. अँबू बॅग दाबून बघायची. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख वाचायची. स्पाईन बोर्डाचे पट्टे ओढून पाहायचे.

शेवटी ऑक्सिजन. काळं अंग, पांढरी मान, बी टाईप. भरलेल्यात साधारण 1500 लिटर. सर विचारतात, "मिनिटाला 10 लिटर सोडला तर किती पुरन?"
"दीडशे मिनिटं."
"धारणीहून अमरावतीले आणायचं आहे. मधात मेळघाट."
घाटातून तीन तासांच्या वर लागतात. ती वहीत लिहिते: सिलिंडर 2. खाली रेघ मारते. सकाळभरात शिकलेलं सगळ्यात कामाचं मला हेच वाटलं.

10.15
फरशीवर डमी. 30 वेळा दाबायचं, 2 श्वास द्यायचे. वेग मिनिटाला 100 ते 120, छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. सोडताना पूर्ण वर येऊ द्यायची. तिचं वजन 43 किलो.
"कोपर वाकवू नको वो! हातानं नाही, कंबरेतून दाब."
दुसऱ्या मिनिटाला दाब उथळ पडायला लागतात. म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. गुडघे सोलले गेलेत. ओढणी चौघडी करून खाली घेते, पुन्हा बसते.

1.20
डबा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. एक पोरगा विचारतो, 108 च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर 2014 पासून डॉक्टरच बसतात, मग आपण कुठं? मॅडम सांगतात: खासगी गाडी, कॅज्युअल्टी, नाहीतर पुण्या-मुंबईचा कारखाना. मागच्या बॅचच्या एकाला बारा हजार मिळतात, ड्यूटी बारा तासांची. त्यावर कोणी काही बोलत नाही. पाणी पितात.

2.30
कॅज्युअल्टीत पोस्टिंग. सप्टेंबर, कपाशीवर फवारणी सुरू. चौघांनी उचलून एक माणूस आणला. घाम, तोंडातून लाळ, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर विचारतात, "कोणतं औषध? डबा आणला का?" कोणीच आणलेला नाही.

अ‍ॅट्रोपिन डॉक्टर देणार. तिचं काम आधीचं. ग्लोव्हज. कात्रीनं शर्ट कापायचा, पिशवीत बांधायचा. फवारणीचं औषध कपड्यातून, कातडीतून आत जातच असतं. साबण आणि पाणी, मानेपासून पायापर्यंत, केसांतूनही. मग मनगट धरून नाडी मोजायची, आकड्यासमोर वेळ लिहायची.

म्हातारी तिचा अ‍ॅप्रन धरते. "वाचते का वो माय?"
"होईल बरं" म्हणायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. "डॉक्टर पाहून राह्यले, आजी. तुमी इथंच बसा," एवढंच म्हणते.

मग अजून एक अपघात, एक दम्याची बाई, आणि पाच वाजेपर्यंत स्ट्रेचर ढकलणं.

5.40
रजिस्टरवर सही. स्वतःचा अ‍ॅप्रन वेगळा भिजवायचा म्हणून वेगळ्या पिशवीत. परतीची एसटी भरलेली, बोरगाव मंजूपर्यंत उभी.

8.10
घरी. बाप उद्या दुसऱ्याच्या शेतात फवारणीला जाणार. मजुरी पंपामागे ठरलेली, जितके पंप तितके पैसे. औषधाची बाटली कोपऱ्यात आहे, लेबलवर लाल त्रिकोण. ती मोबाईल काढून लेबलचा फोटो घेते.
"फोटो कायले वो?"
"असू द्या. अन् बाबा, वाऱ्याकडं पाठ करून फवारजा. हात धुतल्याबिगर तंबाखू खायचा नाही."
"पंप कमी होतात मंग," बाप म्हणतो.